बेटावर पाऊल ठेवण्यापूर्वी

चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट, ही व्याख्या आपली मुले लहान वर्गातच पाठ करतात. चिंचपाड्याच्या (ता. नवापूर, जि. नंदुरबार) आमच्या वर्गातही ती पाठ होते. आमच्या मुलांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसतो. बेटे मात्र पाहिलेली असतात, फक्त त्यांना कोणी बेट म्हणत नाही.

तापी नदीवरचे उकाई धरण १९७२ साली पूर्ण झाले. धरण गुजरातेत, पण त्याचा फुगवटा नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांत शिरलेला आहे. जलाशय पूर्ण भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १०५ मीटरवर पोचते आणि सुमारे ६०० चौरस किलोमीटर क्षेत्र पाण्याखाली जाते. या क्षेत्रातल्या ज्या टेकड्यांचे माथे १०५ मीटरहून उंच, ते पाण्याबाहेर राहतात. दिवाळीच्या सुमारास तिथे होडीने जावे लागते, आणि वैशाखात पाणी ओसरले की त्याच ठिकाणी गुरे चालत जाऊन चरतात. मग त्याला बेट म्हणायचे की टेकडी? हा प्रश्न वर्गात जरूर टाकून पाहा. आमच्या वर्गात त्यावर एक तास सहज जातो.

उत्तर शोधायला एक सोपा प्रयोग आहे. मोठ्या परातीत चिकणमातीच्या चार-पाच टेकड्या करा. दोन-तीन टेकड्या एका रांगेत, खिंडीने जोडलेल्या असू द्या. शेजारी एक पट्टी उभी रोवा. आता हळूहळू पाणी ओता आणि दर दोन सेंटिमीटरला थांबून खिळ्याने मातीवर पाण्याची कड कोरा. प्रथम दऱ्यांतून पाणी आत शिरते आणि खाड्या तयार होतात. मग खिंडी बुडतात आणि रांगेतली प्रत्येक टेकडी सुटी होते. शेवटी पाणी काढून टाका. मातीवर राहिलेल्या रेषा म्हणजे नकाशातल्या समोच्च रेषा. एरवी मुलांना न उमगणारी ही गोष्ट इथे बोटाने चाचपता येते.

भूमध्य समुद्रातल्या टेकड्या

परातीत जे अर्ध्या तासात घडते ते पृथ्वीवर दहा-बारा हजार वर्षांत घडले. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचे पुष्कळसे पाणी बर्फाच्या रूपात जमिनीवर अडकलेले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. इटलीचे सार्डिनिया आणि फ्रान्सचे कॉर्सिका ही आज वेगळी असलेली मोठी बेटे तेव्हा जमिनीने जोडलेली होती. बर्फ वितळले, पाणी चढले, आणि मधल्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांचे माथे तेवढे वर उरले. त्यांतलाच एक समूह म्हणजे सार्डिनियाच्या उत्तर टोकाजवळचा ला मादालेना द्वीपसमूह. लहानमोठी मिळून साठाहून अधिक बेटे आणि खडक यात मोजतात. इतिहासाच्या शिक्षकांना यातले कापरेरा बेट ठाऊक असेल. इटलीच्या एकीकरणाचा नेता गॅरिबाल्डी तिथे राहत होता आणि १८८२ साली तिथेच वारला. १९९४ साली या साऱ्या समूहाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला.

या समूहात बुदेल्ली नावाचे एक छोटे बेट आहे. त्याच्या एका किनाऱ्याची वाळू गुलाबी होती. हा रंग खडकाचा नव्हे. मिनिआसिना नावाच्या एकपेशीय सागरी जीवाचे कवच तांबूस-गुलाबी असते. पोसिडोनिया या समुद्रगवताच्या मुळांच्या आडोशाने तो वाढतो. मेल्यावर त्याची कवचे लाटांनी दळली जातात आणि किनाऱ्यावर येऊन पडतात.

अशी वाळू पाहिल्यावर माणूस काय करणार? मूठभर बरोबर नेणार. इथे मुलांना एक गणित घालता येईल. समजा, एका मुठीत २०० ग्रॅम वाळू मावते, दिवसाला ५०० माणसे येतात आणि हंगाम ६० दिवसांचा आहे. हंगामाअखेर सहा टन वाळू जाते, आणि चोर म्हणून कोणाकडेच बोट दाखवता येत नाही. प्रत्येकाने एकच मूठ तर नेली! भर म्हणून होड्यांचे नांगर समुद्रगवत उपटत होते, म्हणजे गुलाबी कवचांचा कारखानाच मोडत होता. १९९० च्या दशकात हा किनारा पर्यटकांना बंद झाला. आता तो दुरूनच पाहावा लागतो. मौरो मोरांडी नावाचा एक गृहस्थ १९८९ पासून २०२१ पर्यंत या बेटावर रखवालदार म्हणून जवळजवळ एकटाच राहिला. आलेल्या लोकांना वाळू का न्यायची नाही हे समजावून सांगणे, हे त्याचे मोठे काम होते. आपण शिक्षक ते काम ओळखतो.

बेट एवढे नाजूक का? एक कारण उघड आहे, ते लहान असते. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे. तिथे बाहेरून भर पडणे कठीण असते. आपल्या गावाशेजारच्या टेकडीवरचे ससे संपले तर पलीकडच्या टेकडीवरून चार ससे चालत येतील. बेटावरचे संपले की संपले. उलट, होडीतून चुकून उतरलेला एखादा प्राणी तिथे उच्छाद मांडू शकतो. इटलीचेच मोंतेक्रिस्तो बेट जेमतेम दहा चौरस किलोमीटरचे आहे. कादंबरीमुळे त्याचे नाव जगभर गेले. १९७१ पासून ते राखीव आहे. माणसांवर तिथे कडक बंदी, पण उंदरांवर बंदी कोण घालणार? जहाजांबरोबर केव्हा तरी आलेल्या काळ्या उंदरांनी शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांची अंडी आणि पिल्ले फस्त करण्याचा सपाटा लावला होता. हे पक्षी जमिनीवरच्या बिळांत-कपारींत वीण करतात आणि जोडीमागे वर्षाला एकच अंडे घालतात. शेवटी २०१२ साली हेलिकॉप्टरमधून विषारी गोळ्या टाकून उंदरांचा नायनाट करण्यात आला. त्यावर इटलीत बराच वाद झाला, पण पक्ष्यांची वीण त्यानंतर सुधारली. या बेटावर कित्येक वर्षे वर्षाकाठी फक्त १००० माणसांना जाऊ देत. पुढे हा आकडा २००० करण्यात आला.

मालवणचे कुरटे बेट

आता आपल्याकडे वळू. आमच्यासारख्या शाळांची सहल कोकणात निघते ती राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तिचा शेवटचा मुक्काम बहुधा मालवण. सिंधुदुर्ग किल्ला ज्या खडकाळ बेटावर उभा आहे त्याचे नाव कुरटे. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात हा किल्ला बांधला, हे प्रत्येक मुलाला माहीत असते. १३ एप्रिल १९८७ रोजी याच किल्ल्याभोवतीचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, ही गोष्ट मात्र सहलीला आलेल्या शंभरांतल्या पाच शिक्षकांनाही माहीत नसावी, असा आमचा अंदाज आहे. अभयारण्याचे क्षेत्र २९ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक, आणि त्याचा गाभा तीन चौरस किलोमीटरच्या आसपास. किल्ला आणि शेजारचा पद्मगड या गाभ्यातच येतात. म्हणजे सिंधुदुर्गाच्या दारात होडीतून उतरणारा प्रत्येक मुलगा अभयारण्याच्या मध्यभागी उतरत असतो.

तिथे राखण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे, पण मुख्य गोष्ट प्रवाळ. किल्ल्याभोवतीच्या उथळ खडकांवर प्रवाळांचे गोळे वाढतात. प्रवाळ हा प्राणी आहे, दगड नव्हे. टाचणीच्या डोक्याएवढे ते काही मिलिमीटरचे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्या बुडाशी चुनखडीचा थर घालत जातात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले असतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि भाड्यापोटी घरमालकाला त्यातला वाटा देतात. म्हणून प्रवाळाला उजेड लागतो आणि म्हणूनच तो उथळ पाण्यात असतो, नेमका आपल्या पायांच्या टप्प्यात. गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तीस सेंटिमीटरचा गोळा म्हणजे सरासरी एका शिक्षकाची संपूर्ण नोकरी! बुटाच्या टाचेखाली त्याची वरची जिवंत साय निघायला एक क्षण पुरतो.

होडीच्या नांगराचेही तसेच. मराठीत शेतातल्या औताला आणि होडी थांबवण्याच्या लोखंडी आकड्यालाही नांगर म्हणतात. चिंचपाड्याच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वाऱ्याने होडी सरकली की समुद्रातला नांगरही तळ नांगरतो. फरक इतकाच की या नांगरटीनंतर काही पेरले जात नाही. पोसिडोनियाचे गवत एका वर्षात आडवे काही सेंटिमीटरच पसरते, त्यामुळे एका नांगराने काढलेला चर भरून यायला कित्येक दशके लागतात. भूमध्य समुद्रातल्या अनेक राखीव बेटांपाशी म्हणून तळाशी एकदाच पक्के वजन बसवून त्याला तरंगता गोळा बांधून ठेवतात. येणारी होडी त्या गोळ्याला दोर अडकवते, नांगर टाकतच नाही. उपाय अगदी साधा आणि परवडणारा आहे.

आणखी एक बाब शाळांशी थेट संबंधित. २००१ पासून खडकी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे कायद्याने वाघाला आहे तितकेच संरक्षण. 'किनाऱ्यावर पडलेला होता, मेलेलाच होता' हे उत्तर चालत नाही. प्रयोगशाळेच्या कपाटासाठी एखादा सुंदर तुकडा आणण्याचा मोह शिक्षकालाच अधिक होतो. तो टाळावा.

तिथी पाहून सहल

मुलांना प्रवाळी खडक दिसावेत आणि पाय मात्र त्यांवर पडू नयेत, हे जमवायचे तर भरती-ओहोटी समजून घ्यायला हवी. कोकणातल्या कोळ्यांचा एक जुना आडाखा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. दिवसातून दोन भरत्या, म्हणून हीच वेळ दिवसाची आणि रात्रीची. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी.

हा आडाखा खरा का ठरतो? चंद्र रोज मागे पडतो, त्यामुळे भरतीही रोज उशिरा येते. अमावास्या ते पौर्णिमा या पंधरा तिथींत हा उशीर साठत साठत बारा तासांचा होतो. बारा तास म्हणजे ७२० मिनिटे, त्याला १५ ने भागले की तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांची चूक ठेवून तोंडी करता येण्याजोगे सूत्र बनवणाऱ्या त्या अनामिक कोळ्याला आम्ही तरी गणितात पूर्ण गुण देऊ. मुलांना पंचांग द्या आणि सहलीच्या दिवसाची भरती काढायला सांगा. मालवणला पोचल्यावर उत्तर ताडून पाहता येते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाला, ओहोटी सर्वांत खोल जाते आणि ती पहाटे किंवा संध्याकाळी असते. तेव्हा खडक उघडे पडतात आणि मुले त्यांवर धावत सुटतात. पाहायला तीच वेळ सर्वांत चांगली आणि तुडवायलाही तीच. आमचे मत असे की, शाळेची मोठी सहल असेल तर भरतीच्या वेळी तटावरून समुद्र पाहावा. पंधरा-वीस मुलांचाच गट असेल आणि स्थानिक माहीतगार बरोबर असेल तर ओहोटीला, वाळूवरच पाय ठेवत, खडकांच्या कडेने जावे. उलटवून पाहिलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूला अंधारात राहणाऱ्या जीवांची वसाहत असते, आणि दगड उलटा राहिला की ऊन लागून ती मरते.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे कसे, हे मुले विचारतातच. पावसाचे पाणी जमिनीत मुरते. ते खाऱ्या पाण्यापेक्षा थोडे हलके असते, सुमारे १००० ला १०२५ या प्रमाणात, म्हणून बेटाच्या पोटात ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. सच्छिद्र जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक हात वर असेल तर खाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी असते, असा हिशेब मांडतात. कठीण खडकात तो इतका काटेकोर जुळत नाही, पण तत्त्व तेच. त्याची दुसरी बाजू अशी की, बेफाम उपसा करून वरची पातळी अर्धा हात उतरवली तर खालून खारे पाणी त्याच्या चाळीसपट, म्हणजे वीस हात, वर चढते. प्रत्येक बाटली या हिशेबात धरावी लागते. म्हणून पाणी मालवणच्या धक्क्यावरच भरून न्यावे आणि रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात.

रेषा कोणी ओढायची

मालवणच्या अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांचा पहिल्यापासून विरोध आहे. आमच्या वर्गात हे सांगितले की मुले चटकन मच्छीमारांची बाजू घेतात, आणि त्याचे कारण आम्हाला ठाऊक आहे. उकाईच्या पाण्याखाली त्यांच्या आजोबा-पणजोबांची शेते आहेत. पलीकडे अक्कलकुवा-धडगाव भागात सरदार सरोवर २०१९ साली १३८.६८ मीटरपर्यंत प्रथमच पूर्ण भरले, त्याच्याही काठच्या टेकड्या आज टापू झाल्या आहेत. कागदावर ओढलेली रेषा घरापर्यंत कशी येते, हे या भागात कोणाला शिकवावे लागत नाही. रापण ओढून पोट भरणाऱ्या मालवणच्या माणसाला 'गाभा क्षेत्र' हा शब्द ऐकून धडकी भरली तर त्यात नवल नाही.

फ्रान्समधल्या पोर-क्रो बेटाचे उदाहरण इथे उपयोगी पडते. १९६३ साली बेट आणि भोवतालचा समुद्र मिळून तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. लहान प्रमाणावर, पारंपरिक पद्धतीने मासेमारी करणाऱ्यांना तिथे नियम पाळून मासेमारी करता येते. निर्बंधांचा मोठा भार पाहुण्यांवर आहे. गावाबाहेर धूम्रपान नाही, ठरावीक ठिकाणी होडी थांबवायची नाही, काही उचलायचे नाही. पाण्याखाली काय आहे हे ज्याला पाहायचे आहे त्याच्यासाठी पोहत जायची एक आखीव वाट आहे, तिच्यावर माहितीच्या पाट्यासुद्धा आहेत. आम्हाला हा क्रम न्याय्य वाटतो. मच्छीमार तिथे रोज पोटासाठी जातो, आपण आयुष्यातून एकदा हौसेसाठी. बंधन सोसायचे तर आधी हौसेने सोसावे. मालवण परिसरातल्या तरुणांना पाण्याखालचे जग दाखवणारे मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण मिळाले आहे, त्यांच्या घरच्या कमाईचा एक भाग आता जिवंत प्रवाळावर अवलंबून आहे. पाहुण्याने मासे जवळ यावेत म्हणून बिस्किटे टाकायचा हट्ट धरला की त्या मार्गदर्शकाची पंचाईत होते. तो हट्ट आपल्या मुलांनी धरू नये, एवढे आपल्या हातात आहे.

मालवणच्या दक्षिणेला, वेंगुर्ल्यासमोर खोल समुद्रात, खडकाळ बेटांचा आणखी एक पुंजका आहे. त्याला वेंगुर्ला रॉक्स किंवा बर्न्ट आयलंड्स म्हणतात. पुढे काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून प्रसिद्ध झालेले ए. ओ. ह्यूम १८७० च्या दशकात पक्षी पाहायला तिथे गेले होते, आणि १९४० च्या सुमारास पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली. सुरय पक्षी तिथल्या उघड्या खडकांवर वीण करतात, आणि एका गुहेत हजारो पाकोळ्या राहतात. या पाकोळ्या स्वतःच्या लाळेने घरटे बांधतात. परदेशात त्या घरट्यांचे सूप करतात, म्हणून घरटी खरवडून चोरून विकली जात होती. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था आणि वनखाते यांनी सन २००० नंतर पुढाकार घेऊन त्याला आळा घातला. या बेटांवर सहल नेता येत नाही आणि नेऊही नये. विणीच्या काळात माणूस आला की सुरय उडतात, आणि उघड्यावरची अंडी उन्हात तापतात.

गुहेतल्या काळोखात पाकोळीला काही दिसत नाही. ती तोंडाने टकटक असा आवाज काढते आणि भिंतीवरून आलेल्या प्रतिध्वनीवरून आपले घरटे शोधते. वटवाघूळही प्रतिध्वनीवरच वाट काढते, पण त्याचा आवाज आपल्याला सहसा ऐकू येत नाही. पाकोळीचा येतो. हे अनुभवायला बेटावर जायची गरज नाही. एका मुलाचे डोळे बांधा, त्याला भिंतीकडे तोंड करून हळूहळू चालत टाळ्या वाजवायला सांगा, आणि भिंत जवळ आल्याचे त्याला किती पावले आधी कळते ते इतरांना मोजू द्या. रिकाम्या वर्गात हा प्रयोग उत्तम होतो. बाके भरलेल्या वर्गात तितका नीट का होत नाही, ते मुलांनाच विचारावे.